हेडरच्या चार नळ्या

हे सावकाश वाचा. मनातल्या मनात एक वस्तू दोन्ही हातांत धरा: चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनासाठी केलेला स्टेनलेस स्टीलचा एक्झॉस्ट हेडर. एका बाजूला जाड फ्लँज, तिथून निघालेल्या चार नळ्या, वळणं घेत आधी दोन होणाऱ्या आणि मग एक. एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये दोन-तीन माणसांनी तो घडवला आहे. कंपनीच्या मूळ भागापेक्षा तो बराच महाग आहे, आणि हुबेहूब तसा दिसणारा नकली तुकडा त्याहून पुष्कळ स्वस्तात मिळतो. ही जादा किंमत रास्त आहे का? उत्तर लगेच देऊ नका.

आधी कंपनीचा भाग आठवा. बिडाचा, जड, दिसायला ओबडधोबड मॅनिफोल्ड. कोल्हापूरला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतकाम पाहिलेल्याला हे चटकन कळेल की मोठा खर्च पहिल्या नगाच्या आधीच होऊन गेलेला असतो. समजा, साचे आणि चाचण्या मिळून २० लाख रुपये लागले आणि २ लाख नग निघाले. प्रत्येक नगावर १० रुपये पडले. छोट्या कारागिराने नळ्या जागच्या जागी धरून ठेवणारा ४० हजारांचा जिग केला आणि २० हेडर विकले, तर प्रत्येकावर २ हजार, आणि अजून त्याने नळी विकत घेतलेलीसुद्धा नाही. हा हिशेब थोडा वेळ मनात राहू द्या. महाग आहे म्हणजे लुबाडणूक आहे, हा संशय इथे गळून पडायला हवा. पण त्याचा खर्च जास्त झाला म्हणून आपल्या हातातली वस्तू चांगली ठरत नाही. कारागिराविषयीच्या जिव्हाळ्यापोटी आपण या दोन गोष्टींची सरमिसळ करतो, आणि त्यात त्याचंही भलं होत नाही.

आता नळीच्या आत जा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा धुराबरोबर दाबाची एक लाट सुटते. नळ्या जिथे एकत्र येतात तिथे जागा एकदम मोठी होते आणि लाटेचा काही भाग उलटा फिरतो, या वेळी कमी दाबाचा होऊन. तो व्हॉल्व्हपाशी नेमक्या क्षणी पोहोचला तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढतो आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देतो. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या मारत असेल तर एका फेरीला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. या एवढ्याशा अवधीच्या एका तुकड्यात लाटेने जाऊन परत यायचं आहे. म्हणून नळीची लांबी हा सगळ्या कामाचा गाभा आहे. लांबी बदलली की फायदा दुसऱ्याच वेगाला सरकतो. १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या नळ्या एकत्र आणतात, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या एकत्र, कारण त्या जोड्यांमधल्या स्फोटांत पूर्ण एका फेरीचं अंतर असतं. आता बॉनेटखालची अडचण आठवा: स्टिअरिंगचा रॉड, रेडिएटर, खालचा सबफ्रेम. या गर्दीतून चारही नळ्या सारख्या लांबीच्या काढणं फार कठीण आहे. चांगला कारागीर एक काढतो, मोजतो, कापतो, भंगारात टाकतो, पुन्हा काढतो. नकली माल करणाऱ्याला बाहेरचा आकार दिसतो. लांबी अमुकच का ठेवली, हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याला त्याची गरजही वाटत नाही.

आणखी खोल बघा, वेल्डपाशी. स्टेनलेसची एक मीटर नळी ६०० अंशांनी तापली की साधारण एक सेंटिमीटरने लांब होते. दोन्ही टोकं आवळलेली असतील तर तो सेंटिमीटर कुठे जाणार? तो वेल्डवर येतो, आणि वेल्ड तडकतो. म्हणून जाणकार काही सांधे सरकते ठेवतो. टिग वेल्डिंग करताना नळीच्या आतही आर्गॉन वायू भरतो. नाहीतर आतली बाजू जळून खडबडीत होते, आणि बाहेरून तीच शिवण देखणी दिसू शकते. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकते, म्हणून शेवटी ती मिलिंग मशीनवर पुन्हा सपाट करतो. ती नीट नसेल तर गॅस्केट टिकत नाही. यातलं काहीच फोटोत दिसत नाही. माझ्या मते जादा पैसे द्यायचे ते याला. बफिंगच्या चकाकीसाठी एक रुपयाही नाही.

आता ताकदीच्या दाव्याकडे या, पण सावधपणे. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. इंजिनाची ताकद डायनो यंत्रावर एकदा सकाळी थंडाव्यात आणि एकदा दुपारी उन्हात मोजली, तर काही न बदलताही आकडा बदलेल. ज्या कागदावर तापमान नाही, त्यावरच्या दोन-तीन अश्वशक्तींना काही अर्थ नाही. मला शिखराचा आकडा मुळात कमी महत्त्वाचा वाटतो. संपूर्ण आलेख मागा. वर मिळवलं तेव्हा खाली काय गमावलं, हे त्यात दिसतं.

आणि ही गाडी चालणार कुठे? रोजच्या रस्त्यावर असेल तर माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असंच आहे. बीएस-६ च्या बहुतेक गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाला चिकटून बसवलेला असतो, कारण तो लवकर तापावा लागतो. काही इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. हेडरसाठी कन्व्हर्टर काढला की विषारी धूर तसाच मागच्या रिक्षातल्या मुलाच्या छातीत जातो. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचनेपासून गाडी बदलण्याला मनाई केली आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर शर्यतीची गाडी नेणाऱ्यासाठी मात्र जादा किमतीचा हा प्रश्न खरा आहे. तिथे प्रत्येक लॅपमध्ये इंजिन वरच्या वेगात राहतं, आणि अर्ध्या शर्यतीत वेल्ड तडकला तर आधीचा सगळा खर्च वाया जातो.

तेव्हा पैसे देण्याआधी त्या वर्कशॉपमध्ये स्वतः जा. कापून ठेवलेला जुना तुकडा दाखवा म्हणा आणि नळीत बोट फिरवून बघा. तडकलेले परत आलेले हेडर कुठे आहेत, ते विचारा. ते जपून ठेवून, कापून, कारण शोधून पुढचा नग बदलणारा माणूस असेल तर त्याने सांगितलेली किंमत मला मान्य आहे, घासाघीस न करता. मग शेवटचा प्रश्न विचारा: माझ्या गाडीला याने नक्की काय फरक पडेल? काही कारागीर इथे आकडा सांगतात. काही तुमच्या गाडीच्या टायरकडे बघतात आणि म्हणतात, साहेब, या सीझनला आधी चांगले टायर घ्या, हेडरचं पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी हेडर घ्यायचा तो याच दुसऱ्या माणसाकडून.