जुळवून आणलेले उत्तर

शालेय प्रयोगशाळेत साध्या दोलकाचा प्रयोग वर्षानुवर्षे होत आला आहे. दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ, त्यावरून आवर्तकाल आणि अखेर गुरुत्व त्वरण, असा त्याचा क्रम. परंतु उत्तर ९.८ यावयास हवे, हे विद्यार्थ्याला दोरा बांधण्यापूर्वीच ठाऊक असते. गणिताअंती ९.५ आले, तर तो गोळा पुन्हा झुलवीत नाही. उत्तराकडून मागे येत वहीतला वेळ बदलतो. गुण मिळतात. मात्र या प्रयोगातून तो नेमके काय शिकतो?

यात कोणाचे नुकसान नाही, असे म्हणता येईल. शिवाय उत्तर तर खरेच आहे. मग खऱ्याच्या बाजूने केलेली लबाडी लबाडी ठरते काय?

१६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच खगोलवेत्ता विषुववृत्ताजवळील कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. दोष उष्णतेचा किंवा स्वतःच्या हाताचा मानून पॅरिसचाच आकडा नोंदवणे त्याला सोपे होते. त्याने अनेक महिने निरीक्षण केले आणि लंबक आखूड करावा लागतो, असे लिहून ठेवले. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने त्या नोंदीचा आधार घेतला. परिवलनामुळे आणि पृथ्वीच्या फुगीर आकारामुळे विषुववृत्तावर गुरुत्व त्वरण कमी असते. ते तेथे ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ च्या आसपास भरते.

विद्यार्थ्याचे ९.५ हा असा शोध नव्हे. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजल्याने किंवा घड्याळ उशिरा थांबवल्याने ते आलेले असते. परंतु चूक आणि शोध वहीत प्रथम एकाच रूपाने उतरतात: न जुळणारा आकडा म्हणून. तो खोडणारा दोन्हींची वाट बंद करतो. चूक कोठे झाली हेही मग त्याला कळत नाही.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. निरीक्षणाऐवजी आकड्याला गुण देणारा शिक्षक त्यात सहभागी असतो. खरे उत्तर जवळ असणे आणि त्यावर हक्क असणे, या भिन्न गोष्टी आहेत. ९.५ लिहून त्याखाली कारण शोधणाऱ्या मुलाचे उत्तर चुकीचे असेल. पण ते त्याचे स्वतःचे असते.