धाब्याचा कठडा

इझाबेला थोबर्न यांनी 1870 साली लखनौच्या अमीनाबाद बाजारात अवघ्या सहा मुलींना घेऊन शाळा आरंभिली; त्यामुळे या बाजाराचे नाव आपल्या मंडळ्यांत पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. तेथील जुन्या इमारतींत आजही खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते. दोहोंना जोडणारा जिना अरुंद, अंधारा, उंच पायऱ्यांचा. नातवंडे तो धावत चढतात. पंचाहत्तरीच्या आजीला मात्र तोच जिना कुंपण होऊन बसतो. औषधांचा घाऊक बाजार घराच्या पायथ्याशी, आणि गोळ्या मिळणार त्या कोणी वर आणून देईल तेव्हा!

कर्ती मुले गोमतीनगरसारख्या नव्या वस्तीत राहावयास जातात. तेथे लिफ्ट असते. ती आईला बोलावतात आणि आई नको म्हणते. हाच वाद गिरगावच्या चाळीत व पुण्याच्या वाड्यांतही चालतो. मुले विचारतात, तू पडलीस तर जबाबदार कोण? आई म्हणते, येथे मला नावाने हाक मारणारी माणसे आहेत.

मुलांचे भय खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात, आणि त्यांत साठीपुढील माणसेच अधिक. परंतु आईचे म्हणणे तरी निव्वळ हट्ट कसे म्हणावे? ऐंशी वर्षांच्या बर्जिल्लयाला दावीद राजाने यरुशलेमेस आपल्यापाशी राहण्यास बोलाविले, तेव्हा त्याने नम्रपणे नकार दिला. अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही. आपल्याच नगरात, आईबापांच्या कबरेजवळ मरण यावे, एवढेच त्याने मागितले. राजाने त्याला ओढून नेले नाही. चुंबन घेऊन, आशीर्वाद देऊन परत पाठविले.

या वादाची किल्ली, माझ्या मते, अनुवादाच्या 22व्या अध्यायातील एका लहानशा आज्ञेत आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा; नाही तर कोणी खाली पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. ही आज्ञा कोणाला आहे ते पाहा. धाब्यावर चढणाऱ्याला नव्हे, घरधन्याला! धाब्यावर जाऊ नका असेही ती म्हणत नाही. पेत्र यापोत प्रार्थनेसाठी धाब्यावरच गेला होता. आपण नेमके उलटे करतो. घर जसेच्या तसे ठेवतो आणि माणसाला बांधून घालतो: एकटी उतरू नकोस, न्हाणीघरात कडी लावू नकोस, गॅसजवळ जाऊ नकोस.

कठडा बांधणे म्हणजे काय, तर जिन्याला दोन्ही बाजूंनी धरावयास दांडी, तीही शेवटच्या पायरीच्या थोडी पुढपर्यंत. पायऱ्यांच्या कडांवर उठून दिसणारा रंगाचा पट्टा. दिव्याचे बटण वर आणि खाली. वीज गेल्यास आपोआप लागणारा दिवा. न्हाणीघरात पाय न घसरणारी फरशी, बसण्यास स्टूल, बाहेरूनही उघडता येईल अशी कडी. खाट अशी की बसल्यावर पाय जमिनीला टेकावेत. (टॉवेल वाळत घालण्याची दांडी आधाराची नव्हे, जुन्या चुन्याच्या भिंतीतून ती अंगाच्या भारासरशी उपटून येते.) सामाईक जिना मात्र कोणीच आपला मानीत नाही. घरमालक भाडेकरूकडे बोट दाखवितो, भाडेकरू घरमालकाकडे. पडणाऱ्याला त्या भांडणाचा काय उपयोग?

इतके करूनही आई पडू शकते. मग मुलाला दोष लागेल काय? मला तसे वाटत नाही. कठडा नसणे हा दोष. कठडा असून माणूस पडणे हे दुःख. स्मृतीच ढळू लागली, पेटता गॅस विसरला जाऊ लागला, तर प्रश्न निराळा होतो आणि आईच्या ‘नको’चे वजन तेवढेच राहत नाही. परंतु केवळ गुडघे दुखतात म्हणून तिचा शब्द काढून घेता येत नाही. तिनेही काही सोडावे: रात्री उशाशी घंटी ठेवावी, सकाळी मुलाला एक फोन करावा.

आणि जिन्याची दांडी किती उंचीवर हवी, हे कारागिराने ठरविण्याआधी तिला त्या जिन्यात उभे करून विचारावे. तिचा हात आपोआप जेथे टेकेल, तेथे खडूने खूण करावी.