भिंतीपलीकडचा श्रोता

कीर्तन संपल्यावर एका माळकरी गृहस्थांनी मला परवा विचारले, "बुवा, पहाटे काकडा चालू असता शेजारी मधल्या भिंतीवर थापा मारतो. हे भजनातले विघ्न समजावे, की आमचाच अपराध?" त्या वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरे उत्तर द्यायचे तर स्वतःची फजिती सांगावी लागते. ती आता लिहितो.

आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा माजघरात अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची भिंत घातली गेली. अलीकडे आम्ही, पलीकडे कारखान्यात दुसरी पाळी करणारा एक गृहस्थ. तो रात्री एकला घरी येणार. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे पहाटे पाचला काकडा. एके दिवशी भिंतीवर थापा आल्या. मी मनात म्हणालो, नाम कानी पडते आहे, याचे पुण्यच होते आहे. फुकट मिळते म्हणून किंमत नाही, दुसरे काय! आणि टाळ आणखी जोरात धरले. हे लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तो दारात आला. भांडला नाही. "बुवा, तुम्ही वडिलांच्या ठिकाणी. उद्या काकडा चालू असता एकदा आमच्याकडे येऊन बसा," एवढेच म्हणाला. मुलाच्या हाती वीणा देऊन मी गेलो आणि त्याच्या खाटेवर बसलो. सज्जनहो, तिथे मला विठ्ठल ऐकू आला नाही. अभंगाचे अक्षर कळेना, चाल ओळखू येईना. टाळाची किणकिणही बहुतेक भिंतीतच विरलेली. येत होती ती पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूची धप्, धप्. कानापेक्षा छातीत जास्त. मी ज्या पुण्याचा हिशेब धरला होता, त्यातले काहीच भिंत ओलांडत नव्हते. नाम माझ्याकडे राहत होते, दणका तेवढा त्याच्या वाट्याला जात होता.

असे का व्हावे? पाठशाळेत आम्ही घोकले की शब्द हा आकाशाचा गुण, आणि तो वीचीतरंगन्यायाने, पाण्यावरच्या लाटांसारखा, पसरतो. लाटांची उपमा आजच्या विज्ञानालाही चालते. आकाशाचे मात्र ते मानत नाही. हवा, पाणी, वीट, लाकूड, जे हलू शकते त्यातून नाद जातो, आणि विटेतून तर हवेपेक्षा वेगाने. भिंत चामड्यासारखी थरथरते. बारीक स्वर तिला फारसे हलवू शकत नाहीत, खर्जातला ठोका हलवतो.

मी आधी भिंतीला गोधड्या टांगल्या. आमच्या खोलीतला घुमारा कमी झाला, पलीकडे फरक शून्य. गवंडी हसला, म्हणाला, आवाजाला वजन अडवते, कापूस नव्हे. त्याने तुळयांच्या टोकांभोवतीच्या फटी बुजवल्या आणि जुन्या भिंतीला कुठेही न टेकवता, चार बोटे अंतर सोडून, आमच्या बाजूने दुसरी भिंत उभी केली. घरात कुरबुर झाली. भिंत दोघांची, मग खर्च एकट्याचा का? खोली आपलीच का लहान व्हावी? मी म्हटले, भिंत दोघांची खरी, पण आवाज माझा आहे. तरीही ठोका जमिनीतून थोडा जातच राहिला. पखवाज घोंगडीच्या घडीवर ठेवून पाहिला आणि अखेर देवळात नेऊन ठेवला.

यावर आमच्याच मंडळींनी आक्षेप घेतला की ही भक्तीतली कुचराई आहे. मनूने मोठ्याने केलेल्या जपापेक्षा ओठातल्या जपाला आणि त्याहून मानस जपाला श्रेष्ठ म्हटले आहे खरे. पण त्याचा आधार मी घेत नाही. आपला संप्रदाय मोकळ्या गळ्याचा, माझे पोटही त्यावरच. मात्र कीर्तन ऐकायला माणूस पायांनी चालत येतो. भिंतीपलीकडचा निजलेला माणूस आलेला नसतो, त्याला उठून जाताही येत नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण दुहेरी आहे: लोकांना त्याचा उद्वेग नाही, त्याला लोकांचा नाही. थाप ऐकली की आपल्याला दुसरा भाग आठवतो, पहिला कोणासाठी सांगितला?

सन २००० साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या एका चर्चच्या खटल्यात म्हटले, की दुसऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. दुसऱ्याच्या भोंग्याबद्दल ते ऐकायला गोड लागते. त्याच वर्षीच्या ध्वनिनियमांत रात्र दहा ते सकाळी सहा अशी धरली आहे, म्हणजे आमचा पाचचा काकडा रात्रीतच पडतो. पण घरातल्या टाळासाठी कोणी शिपाई येत नाही. ते आपल्यावरच सोडलेले आहे. म्हणून त्या माळकरी गृहस्थांनी आधी एकदा पलीकडे जाऊन बसावे.

आता आमचा काकडा वीणा आणि हलक्या टाळावर होतो. एकादशीला सगळे देवळात. दुपारी मी जेवून आडवा झालो, की पलीकडे मिक्सर सुरू होतो. नव्या भिंतीतूनही तो बऱ्यापैकी ऐकू येतो. परवा मुलगा थाप मारायला उठला होता, त्याला बसवले.