न दिसणाऱ्या बटणाची तक्रार

2010 सालचा पहिला दिवस उजाडला आणि जगभरातल्या अनेक सरळसाध्या ईमेलवर अचानक स्पॅमचा संशय घेतला जाऊ लागला. स्पॅमअसॅसिन हे मेल सर्व्हरवर चालणारे विनामूल्य फिल्टर प्रत्येक पत्र निरनिराळ्या नियमांवर तपासते, त्याला गुण देते आणि बेरीज साधारण 5 पर्यंत गेली की त्यावर स्पॅमचा शिक्का मारते. त्यातला एक नियम असा होता, की तारखेत 2010 किंवा त्यापुढचे साल दिसले तर पत्र दूरच्या भविष्यातले, म्हणजे बनावट समजावे. नियम लिहिला गेला तेव्हा तो बरोबर होता. त्याची दुरुस्तीही आधी झाली होती, पण ती सर्वांपर्यंत पोचायची राहून गेली. पत्र पाठवणाऱ्यांचे चुकले काहीच नव्हते.

फिल्टरच्या चुका बहुतेकदा अशाच असतात. त्यात कोणाची दुष्ट बुद्धी नसते, आणि नुकसान मात्र भलत्याच्याच पदरात पडते.

जाहिराती अडवणाऱ्या फिल्टरच्या बाबतीत हे नुकसान सोसणारा असतो वेब डेव्हलपर. युब्लॉक ओरिजिन, ॲडब्लॉक प्लस यांसारखे बहुतेक ॲड ब्लॉकर ‘ईझीलिस्ट’ या नियमांच्या यादीचा आधार घेतात. स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या या यादीत हजारो नियम आहेत. काही नियम ठरावीक पत्त्यांवरून येणारा मजकूर थांबवतात, तर काही पानातल्या एखाद्या चौकटीचे कोडमधले नाव पाहून ती चौकटच लपवतात. चौकटीत काय लिहिले आहे, हे नियमाला कळत नाही. त्याला फक्त नाव दिसते.

आपल्याकडे सरकारी नोकरभरतीच्या सूचनेलाच जाहिरात म्हणतात. लोकसेवा आयोगाच्या प्रत्येक भरतीला जाहिरात क्रमांक असतो. अशा सूचनांच्या चौकटीला कोडमध्ये ‘ॲडव्हर्टाइजमेंट’ असे नाव देणे कोणाही डेव्हलपरला स्वाभाविक वाटेल. ते नाव एखाद्या नियमात बसले, की ज्या उमेदवाराला ती जाहिरात वाचायचीच आहे त्याच्याच पडद्यावरून ती नाहीशी होते. तो फोन करतो, “साइटवर काहीच दिसत नाही.” डेव्हलपर आपल्या संगणकावर पान उघडतो, तर सगळे जागच्या जागी असते. सर्व्हरच्या नोंदी तपासतो, त्याही स्वच्छ. मजकूर वाटेत थांबवला गेला असेल तर निदान ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ अशी एक ओळ उमटते. नुसती चौकट लपवली असेल तर तीही नसते. आणि कन्सोल म्हणजे काय, हे त्या उमेदवाराला कोण सांगणार? संस्थेच्या लेखी दोष डेव्हलपरचा असतो, आणि साइट एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाला आपली बाजू सिद्ध करायलाही साधन नसते.

तरीही फिल्टर लावणाऱ्याला दोष देता येत नाही. मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीसारख्या प्रतिष्ठित संकेतस्थळांवर जाहिरातींच्या जाळ्यातून खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरवण्याचा प्रयत्न झाला होता. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेच नागरिकांना इंटरनेटवर शोध घेताना ॲड ब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला. आपल्या यंत्रावर काय चालू द्यायचे हे ठरवण्याचा हक्क ज्याचे यंत्र त्याचाच आहे, आणि तो शाबूत राहिला पाहिजे.

काही दोष डेव्हलपरच्या पदरातही घालावा लागेल. ‘पुढे जा’ हे बटण दाबल्यावर माग ठेवणाऱ्या स्क्रिप्टचे उत्तर येईपर्यंत अर्ज पुढे सरकूच द्यायचा नाही, असे कोड लिहिले जाते. फिल्टरने ती स्क्रिप्ट अडवली की अर्ज तिथेच लटकतो. फी भरायला आलेल्या विद्यार्थ्याचे काम त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून ठेवणे, हे फिल्टर नसते तरी अन्यायाचेच होते. फेसबुकने तर जाहिरात ओळखू येऊ नये म्हणून ‘स्पॉन्सर्ड’ या शब्दाची अक्षरे फोडून मध्ये न दिसणारी अक्षरे पेरली. स्क्रीन रीडरवर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन वापरकर्त्यांना त्याचा त्रास होतो, अशा तक्रारी पुढे आल्या. भांडण जाहिरातदार आणि फिल्टरवाले यांचे, आणि भुर्दंड कोणाला?

हा भुर्दंड कमी करता येतो. फायरफॉक्सने मार्च 2021 मध्ये ‘स्मार्टब्लॉक’ आणले. माग ठेवणारी स्क्रिप्ट अडवली की तिच्या जागी ते निरुपद्रवी पर्यायी स्क्रिप्ट ठेवते, त्यामुळे पान मोडत नाही आणि माहितीही बाहेर जात नाही. नकार दिल्यावर त्याने होणारी मोडतोड सावरण्याची जबाबदारी इथे नकार देणाऱ्याने घेतली आहे, आणि हेच योग्य आहे.

फिल्टर चालवणाऱ्याने आपल्या कोडची जबाबदारी घेतली नाही की काय होते, हे 2022 मध्ये खुद्द ईझीलिस्टनेच भोगले. अँड्रॉइडवरच्या, जाहिराती अडवणाऱ्या एका मुक्त स्रोत ब्राउझरच्या कोडमध्ये दोष राहिला होता. ब्राउझर उघडला की दर वेळी तो संपूर्ण यादी नव्याने उतरवून घेई. त्याच कोडवर बेतलेल्या इतर ब्राउझरमध्येही दोष उतरला. रोजची वाहतूक नेहमीच्या 10 ते 20 पट झाली आणि तिचा मोठा वाटा भारतातल्या फोनांवरून येत होता. जाहिराती नकोत एवढीच साधी इच्छा असलेल्या त्या लोकांना, आपण ज्यांच्या फुकट श्रमांवर विसंबून आहोत त्यांचाच सर्व्हर आपला फोन गुदमरवतो आहे, याचा पत्ताही नसावा.

म्हणून एखाद्या पानावर बटण दिसले नाही, पावती निघाली नाही, तर साइट चालवणाऱ्याला फोन करण्याआधी त्या साइटपुरते फिल्टर बंद करून पाहावे. बटण परत आले, तर ते ईझीलिस्टच्या स्वयंसेवकांना कळवावे. चुकीच्या अडवणुकीच्या तक्रारी ते घेतात, आणि नियम दुरुस्त झाला की यादीच्या पुढच्या अपडेटबरोबर ती दुरुस्ती बाकीच्यांच्या ब्राउझरमध्येही पोचते.