भिंतीवरचं शेवाळ

कोकणात नवं घर बांधलेले लोक पहिल्या पावसाळ्यानंतर हमखास विचारतात, भिंती बाहेरून किती वेळा धुवायच्या? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेवढे दिवस भिंत वाळतच नाही. नवाकोरा पांढरा रंग गणपतीपर्यंत हिरवा दिसायला लागतो, दसऱ्याला त्यावर काळे ओघळ उतरतात. हौसेनं बांधलेल्या घराची ही दशा पाहून जीव खालीवर होणारच.

माझं उत्तर ठरलेलं आहे: वर्षातून एकदा, पाऊस पुरता गेल्यावर, दिवाळीच्या आधी. मात्र सगळ्या भिंतींना एकच माप लावू नये. आमची पश्चिमेची भिंत पावसाचा सगळा मारा खाते, पण दुपारचं ऊन तिला सुकवून टाकतं. दोन-दोन वर्षं तिला हात लावावा लागत नाही. आंब्याच्या सावलीतली उत्तरेची भिंत आणि न्हाणीची मागची बाजू यांना दरवर्षी धुवावंच लागतं. ओला तळवा भिंतीवर घासून पाहावा. हिरवा बुळबुळीत थर हाताला आला तर शेवाळ जिवंत आहे. काळे डाग नखानं निघत नाहीत. तेही बहुतेकदा सूक्ष्म शैवालच, उन्हापासून वाचवणाऱ्या रंगद्रव्यामुळे काळं पडलेलं. ते न काढता वर रंग मारला, तर एका पावसात डाग पुन्हा वर येतात.

धुण्याची रीत साधी आहे. झाडांवर आधी पाणी मारून घ्यावं, मग ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी कुंच्यानं लावावं, थोड्या वेळानं काथ्याच्या ब्रशनं घासून साध्या पाण्यानं धुवावं. ब्लीचिंगमध्ये अॅसिड कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

अलीकडे जोराच्या पाण्याचा पंप भाड्यानं मिळतो आणि काम तासाभरात उरकतं. सिमेंटच्या गिलाव्याला तो एक वेळ चालेल. चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर तो मारताना पाहिला की मला राहवत नाही. जांभा सच्छिद्र दगड. पाण्याच्या माऱ्यानं त्याचे कण सुटतात, सांध्यांतला चुना निघून येतो आणि खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट जोमानं धरतं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकेचं उदाहरण समोर आहे. दगड उघडा दिसावा म्हणून 1950च्या दशकात तिच्या बाहेरचा चुन्याचा गिलावा काढला गेला, आणि तेव्हापासून तो जांभा पावसात झिजतो आहे.

जुन्या लोकांनी चिऱ्यावर चुना चढवला तो नुसत्या शोभेसाठी नव्हे. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर शेवाळ धरत नाही, आणि भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडू शकते. हवेत त्याचा जोर हळूहळू ओसरतो, म्हणून दरवर्षी नवा हात द्यायचा. चिऱ्यावर जाड प्लॅस्टिक रंग दिला की आतली ओल कोंडते आणि पोपडे सुटतात; मग कितीही धुवा.

खरी मेहनत पावसाआधी करायची असते. वैशाखात पन्हळी साफ करणं, भिंतीला टेकलेल्या फांद्या तोडणं, भेगा बुजवणं, पश्चिमेला चुडतांची झापं बांधणं. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून जोत्यावर उडतं, म्हणून भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा सगळ्यात आधी हिरवा होतो. पागोळीखाली खडीचा एक पट्टा टाकला की शिंतोडे बरेच कमी होतात. आमच्याकडे तो टाकल्यापासून जोतं घासण्याचं काम निम्म्यावर आलं.

तेव्हा यंदा पंप भाड्यानं आणण्याआधी भर पावसात एकदा छत्री घेऊन घराभोवती फिरा, आणि पाणी भिंतीवर नेमकं कुठून येतं ते पाहून ठेवा.