वगळलेल्या तपशिलांची जबाबदारी

मोबाइलवर काढलेला फोटो आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्यातून बरेच काही गाळले गेलेले असते. 12 मेगापिक्सेलचे रंगीत चित्र जसेच्या तसे साठवायला प्रत्येक बिंदूमागे तीन बाइट, म्हणजे साधारण 36 एमबी जागा लागते. हातात येणारी फाइल मात्र अनेकदा तीन-चार एमबीची असते. 1992मध्ये प्रमाण ठरलेल्या जेपेग पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोन मंद व जलद चढउतारांच्या बेरजेत मांडतात. या मांडणीचे गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974मध्ये प्रसिद्ध केले. माणसाचा डोळा उजेड-सावलीतला फरक चटकन टिपतो. रंगातले बारकावे आणि अतिजलद चढउतार त्याला फारसे जाणवत नाहीत. मग तेच कमी केले जातात. म्हणजे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे चित्राच्या गरजेवरून ठरत नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यावरून ठरते.

जेपेग जास्त दाबली की चौकोन दिसू लागतात, कडा फाटतात. काहीतरी गमावले आहे हे कळते. याहून घातक प्रकार 2013मध्ये उघडकीस आला. डेव्हिड क्रिसेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला झेरॉक्सच्या यंत्रावर स्कॅन केलेल्या एका बांधकाम नकाशात वेगवेगळ्या आकाराच्या तीन खोल्यांवर एकच क्षेत्रफळ छापलेले दिसले. जागा वाचवण्यासाठी ते यंत्र सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच नमुना साठवत होते आणि तोच सगळीकडे वापरत होते. त्यामुळे 6च्या जागी 8 येत होता. आकडे सुबक होते, ठळक होते आणि चुकीचे होते. धूसर चित्राबद्दल आपण शंका घेतो. स्वच्छ चित्रावर विश्वास ठेवतो.

मानसिक आजारांना नाव देताना, त्यांचे कारण सांगताना आपण हेच करत आलो आहोत, असे मला वाटते.

निदान म्हणजे संक्षेप, आणि तो आवश्यकच आहे. 1970च्या सुमारास लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या निदानांची तुलना झाली, तेव्हा न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनियाचे निदान कितीतरी अधिक वेळा करतात असे दिसले. फरक रुग्णांपेक्षा डॉक्टरांच्या सवयींत होता. समान निकषांशिवाय उपचार आणि संशोधन पुढे जाणार नव्हते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980मध्ये निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली, ती या गरजेतूनच. पण संक्षेपाची किंमत असते. आजच्या निकषांनुसार नैराश्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच दोन आठवडे असावी लागतात. एकाची झोप उडालेली, भूक मेलेली. दुसरा दिवसभर झोपतो, सतत खातो. दोघांत जेमतेम एक लक्षण समान असले, तरी दोघांच्या केसपेपरवर शब्द एकच उमटतो.

कारणांच्या बाबतीत या गाळणीने माणसे भरडली आहेत. जर्मनीत 1933मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्यावरचे अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत मनोविकारांच्या आनुवंशिकतेचे संशोधक अर्न्स्ट रूडिन होते. आजाराचे चित्र रक्तापुरते उरवले गेले आणि सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. पुढे रुग्णालयांतल्या हजारो रुग्णांची हत्याही झाली. युद्धानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. 1948मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया घडतो अशी कल्पना मांडली, आणि पुढची कित्येक वर्षे आजारी मुलांच्या आयांना अपराधी ठरवले गेले. आधी समाज गाळला होता, आता शरीर गाळले. दोन्ही चित्रे अगदी स्वच्छ होती.

आज हाती असलेली माहिती इतकी सुबक नाही, म्हणूनच ती अधिक विश्वासार्ह आहे. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे; जुळ्यांच्या अभ्यासांतून तो 80 टक्क्यांच्या आसपास येतो. पण हे प्रमाण लोकसमूहातल्या फरकांचे आहे; एका माणसाच्या आजाराची तशी वाटणी होत नाही. एकरूप जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला, तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आतबाहेरच राहते. 2022च्या मोठ्या अभ्यासाने जनुकसंचातल्या 287 जागा दाखवल्या, आणि त्यांपैकी बहुतेक एकेकट्या जागेचा परिणाम अत्यल्प आहे. दुसरीकडे शहरात वाढणे, स्थलांतर, बालपणातला छळ यांनी धोका वाढतो, हेही पुन्हा पुन्हा दिसले आहे. नैराश्याबद्दल जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास 1978मध्ये प्रसिद्ध केला. मोठा आघात झाल्यावर कोण कोसळते, हे मनातले बोलायला जवळचे कुणी आहे का, यावर बरेच अवलंबून होते. जनुके आणि माणसांचा सहवास एकाच देहात, एकाच आयुष्यात काम करत असतात.

आपल्याकडचा सर्वांत कठोर संक्षेप लग्नाच्या चौकशीत होतो. ‘त्यांच्या घराण्यात वेड आहे’ या एका वाक्यात आजाराचे नाव, त्याची तीव्रता, घेतलेले उपचार, बरी झालेली वर्षे, सगळे पुसले जाते. एका काकाचा आजार साऱ्या भावंडांवर छापला जातो, नकाशातल्या त्या क्षेत्रफळासारखा. मग घरे आजार लपवतात, उपचार लांबतात, आणि लांबलेल्या उपचारांनी आजार चिघळतो. आनुवंशिकतेची भीतीच अशा रीतीने आजाराचे सामाजिक कारण होऊन बसते.

संक्षेपाशिवाय आपले चालणार नाही. डॉक्टरला निदान लागते, संशोधकाला आकडा लागतो, घरच्यांना कारण लागते. पण जो गाळतो त्याने गाळल्याची जबाबदारी घ्यावी आणि मुळाकडे परत जाण्याची वाट उघडी ठेवावी. फोटोच्या फाइलमधून गेलेले बारकावे परत येत नाहीत. इथे मूळ माणूस समोर बसलेला असतो, त्याला विचारता येते. 2017च्या भारतीय मानसिक आरोग्यसेवा कायद्याने याची एक बाजू मान्य केली आहे: पूर्वी उपचार घेतले होते किंवा रुग्णालयात राहावे लागले होते, एवढ्यावरून कुणाला आज किंवा पुढे मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. कायद्याने घातलेले हे बंधन आपण आपल्या घरातल्या बोलण्यावरही घालून घ्यावे. पुढच्या वेळी कुणाच्या घराण्याबद्दल एका वाक्यात निकाल ऐकू आला, तर तो पुढे पोचवू नका. त्यातून काय वगळले आहे ते विचारा.