साक्षीत न आलेले ४,३०० रुपये

रविवारी संध्याकाळच्या सभेत मी साक्ष दिली, तेव्हा बरेच जण रडले. खर्रा कसा लागला, घरी किती खोटं बोललो, प्रभूने कसं बाहेर काढलं, सगळं सांगितलं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात खर्रा म्हटलं की जास्त समजवावं लागत नाही. बाहेर आल्यावर एका मावशींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या कापूस वेचायला जातात. तरुणांच्या शिबिरासाठी त्यांनी मजुरीतले दोनशे रुपये दिले होते.

त्या शिबिराचा हिशेब माझ्याकडे होता. गाडीभाड्याची पावती मी वाढवून घेतली आणि ४,३०० रुपये ठेवले. मोबाइलची स्क्रीन फुटली होती. हे साक्षीत नव्हतं.

साक्षीत आपण बहुतेक अशीच पापं सांगतो, ज्यांची उधारी संपलेली असते. कबूल करून खिशातून काही जात नाही, उलट थोडा मान मिळतो. ‘मी पापी होतो’ यातलं ‘होतो’ फार सोयीचं आहे. धर्मांतराचंही तसंच. बाहेरचे विचारतात किती जण झाले, आतलेही तेच मोजतात. बाप्तिस्म्याची तारीख वहीत चढली की विषय संपला. (मी तर ख्रिस्ती घरातच जन्मलो, मला तेवढीही धावपळ नव्हती.)

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. इथे त्यासाठी भरपूर टीका सोसली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. आणि १९०७ च्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ज्या धर्मांतरासाठी एवढं सोसलं, तेच अपुरं होतं म्हणायचं, तेही मदत पाठवणारे परदेशी लोक वाचणार हे माहीत असताना! मला तर चाळीस माणसांसमोर एक पावती सांगता आली नाही.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय मला आता वेगळा दिसतो. लहानपणी संडे स्कूलमध्ये तो उंबरावर चढलेला बुटका माणूस म्हणून आवडायचा. आता लक्षात येतं, तो आपल्या भावनांबद्दल काहीच बोलत नाही. तो हिशेब बोलतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्यांना फसवलं त्यांना चौपट. त्या घराला तारण मिळाल्याचं येशू त्यानंतर म्हणतो.

मी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “बेटा, प्रभूने क्षमा केली आहे. पैसे गुपचूप दानपेटीत टाक. उगाच मंडळीचं नाव खराब होईल.” ते माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत. तारण विकत मिळत नाही, हे मलाही मान्य आहे. पण मावशींच्या दोनशे रुपयांतले पैसे प्रभूने घेतले नव्हते, मी घेतले होते. त्यांना न विचारता ती क्षमा आम्ही दोघांनी खोलीत बसून परस्पर वाटून घेतली. मंडळीचं नाव म्हणतात ते नेमकं कुणाचं, हा प्रश्न तिथे विचारायचा राहिला.

चौपट म्हणजे १७,२००. दोन हप्ते खजिनदारांकडे दिलेत, पावती घेऊन. त्यांनी ‘कशाबद्दल’ या रकान्यात ‘ऐच्छिक दान’ लिहिलं, ते मी खोडायला लावलं. वार्षिक सभेत हिशेबाच्या विषयावर बोलायला नाव दिलंय. मावशींना मात्र सभेच्या आधी, घरी जाऊन सांगायचंय. कापसाची वेचणी सुरू आहे, त्या अंधार पडल्यावरच भेटतात.